तो फोटो भूत कोळ्याचा नव्हताच

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर "अमेरिकेत भूत कोळ्याची दहशत" अशी एक चौकट आली होती. आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती तीन जणांनी टाकली आणि खाली काकूंचा मेसेज, "ताई, लेकरांना अंगणात सोडू नको गं." मी दक्षिण फ्लोरिडात राहते, मूळची वरुड तालुक्यातली, माहेरी संत्र्याची बाग, त्यामुळे फ्लोरिडातला कोळी आणि लिंबाचं झाड या दोन्ही गोष्टींवर मला बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांब होईल, कापायचं तर कापा, पण फोटोचं तेवढं छापाच.

फोटोपासून सुरुवात करते. तुम्ही छापलाय तो सोनेरी जाळ्याच्या मधोमध बसलेला भला मोठा पिवळा काळा कोळी. तो इकडे सगळीकडे दिसतो, इथले लोक त्याला बनाना स्पायडर म्हणतात, शास्त्रीय नाव ट्रायकोनेफिला क्लॅव्हिपेस. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यानंतर जो मोठा जंगली कोळी रस्त्याच्या आडवं जाळं बांधून बसतो, नेफिला पिलिपेस, त्याचा हा जवळचा नातेवाईक. फोटो छान आहे हो, पण भूत कोळी नाही तो. भूत कोळी शिकारीसाठी जाळं बांधतच नाही, त्यामुळे जाळ्याच्या मध्ये बसलेला कुठलाही कोळी दाखवून त्याला भूत कोळी म्हटलं की तिथेच बातमी चुकली. "पंजाएवढा" हे पण चुकलं. आमच्या लिंबावर असतो तो करंगळीच्या नखात मावतो, पाय पसरून बसला तर थोडा मोठा वाटतो एवढंच.

आता खरा भूत कोळी कोण ते सांगते. अ‍ॅनिफिनिडी नावाचं एक कुळ आहे, सहाशेच्या आसपास जाती आहेत त्यात, आणि बहुतेक सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या. युरोप आशियात थोड्याच. रंग फिका, पिवळट पांढरा, दिवसा दिसत नाही आणि रात्री टॉर्च मारला की पानावरून सर्रकन दुसऱ्या बाजूला जातो, म्हणून इंग्रजीत घोस्ट स्पायडर म्हणतात, यापलीकडे भुताचा काही संबंध नाही. फ्लोरिडात लिंबू संत्र्यावर जो हमखास सापडतो त्याचं नाव हिबाना व्हेलॉक्स. बेकर नावाच्या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं, तेव्हा तो वेगळ्या प्रजातीत होता, मग १९९१ मध्ये ब्राझीलच्या ब्रेस्कोव्हिट यांनी हिबाना ही प्रजाती केली आणि याला तिकडे हलवलं. अंग फिकट पिवळं, जबडे मात्र गडद तपकिरी, जणू वेगळ्या कोळ्याचे आणून लावलेत, आणि पोटावर बारीक काळसर ठिपके.

चावतो का, तर हातात धरून दाबला तर कुठलाही कोळी चावेल. पण माणसाला धोका म्हणून या कुळाचं नाव कुठेच घेत नाहीत. फ्लोरिडात जिच्यापासून खरोखर जपायचं ती ब्लॅक विडो, विषारी कोळीण, ती गॅरेजमध्ये, जुन्या कुंड्यांखाली, बाहेर पडून राहिलेल्या खुर्चीच्या खालच्या बाजूला वगैरे असते. दिसायला भूत कोळ्यासारखा एक दुसरा कोळी आहे, पिवळा सॅक स्पायडर, कायराकॅन्थियम, तो चावला तर आग होते आणि तो घरातही येतो, बहुतेक त्याच्या गोष्टी याच्या नावावर खपतात. दोघांतला फरक वरून बघून कळणं अवघड. पण काचेच्या बाटलीत घेऊन खालून भिंगाने बघितलं तर कळतो: श्वासनळ्यांचं छिद्र सॅक स्पायडरला अगदी मागे, धागा निघतो त्या टोकाशी असतं आणि भूत कोळ्याला पोटाच्या मधोमध किंवा त्याहूनही पुढे, एक बारीक आडवी चीर. याच्या श्वासनळ्यांचं जाळंही मोठं असतं, पार पुढच्या भागापर्यंत गेलेलं. जाळं टाकून बसून राहणाऱ्याला एवढ्या हवेचं काम नसतं, हा रात्रभर धावणारा गडी आहे. आणि पायाच्या टोकाला दोन नख्यांच्या मध्ये चपट्या केसांचा झुबका असतो, त्यामुळे बाटलीच्या गुळगुळीत काचेवरून सरळ वर चढतो, झाकण उघडं ठेवलंत तर गेला म्हणून समजा.

राहतो कुठे, तर झाडावर, पानांत. बातमीत "घरात घुसतो" लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगते. आमच्या मागच्या अंगणात ताहिती लिंबाचं झाड आहे, बिनबियांचं, आपल्या कागदी लिंबापेक्षा मोठं लिंबू येतं त्याला. त्याचं एखादं पान कडेने दुमडलेलं दिसतं, किंवा दोन पानं एकमेकांना चिकटलेली, तिथे पांढऱ्या धाग्याची एक पिशवी असते, सिगारेटच्या कागदासारखी पातळ, हा दिवसभर त्यात पाय आखडून बसतो. पान हळू उघडलं तर पहिले जबडे दिसतात, मग तो एका टोकाने बाहेर पडतो आणि धागा सोडून खाली लोंबकळतो, इतकं पटकन की फोन काढेपर्यंत नुसता धागा उरतो. मादी अशाच पानाच्या घरात अंडी घालते आणि राखण करत बसते. म्हणजे याचं घर, पाळणाघर आणि शिकारीचं रान सगळं त्या एका झाडाचा पाला. तो पाला ज्या दिवशी विषारी झाला त्या दिवशी याला जायला दुसरी जागा नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट. हा कोळी खातो काय? वरुड मोर्शीच्या वाचकांनी हे नीट वाचावं, कारण यात आपला माल आहे.

संत्र्याच्या, लिंबाच्या नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, चांदीसारखी वाकडीतिकडी रेघ उमटते आणि पान चुरगळून जातं ती नागअळी, पाने पोखरणारी अळी, आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. फिलोक्निस्टिस सिट्रेला. हिचं शास्त्रीय वर्णन १८५६ मध्ये झालं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून, म्हणजे आपल्याच देशातली ही बाई. फ्लोरिडात ती पहिल्यांदा सापडली मे १९९३ मध्ये, होमस्टेड भागात. तेव्हा तिथले बागायतदार आधीच कंबर मोडून बसलेले, कारण त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ याच होमस्टेडवरून गेलं होतं आणि बागा उन्मळून पडल्या होत्या. ज्या वाचल्या त्यांना वादळानंतर भरभरून नवती फुटत होती, आणि नागअळीला नवतीच लागते. वर्षभरात ती अख्ख्या फ्लोरिडाच्या बागांत पसरली. लगेच १९९४ मध्ये विद्यापीठाच्या लोकांनी ऑस्ट्रेलियातून एक बारीक परजीवी माशी आणून सोडली, एजेनिअ‍ॅस्पिस, आणि तिने काम पण चांगलं केलं. पण त्याच सुमारास होमस्टेडच्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी लिंबाच्या बागांत रात्री जाऊन बघितलं की बाहेरून आणायच्या आधीपासून इथलं कोण ही अळी खातंय का. त्यात दिविना अमालिन यांचं काम मोठं आहे, त्यांच्यासोबत पेन्या, रायस्किंड वगैरे मंडळी. तीन भटके कोळी सापडले, तो पिवळा सॅक स्पायडर, ट्रॅकेलास नावाचा एक, आणि आपला हा हिबाना व्हेलॉक्स.

गंमत अशी की नागअळी पानाच्या वर नसते, पापुद्र्याच्या आत असते, बाहेरून कोळ्याला ती दिसत नाही आणि तशीही याची नजर काही फार भारी नाही. तर तो पानाचं कंपन पकडतो. अळी आत खात असते, सरकत असते, त्याने पान जे काही थरथरतं ते याच्या पायाला कळतं. आपण हात लावून बघितलं तर काहीसुद्धा कळणार नाही. मग हे कोळी एकतर वरून पापुद्र्याला भोक पाडून अळीचा रस पितात, नाहीतर चीर पाडून अळी बाहेर ओढतात. काम सगळं सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत. मी हे वाचलं होतं, मग उन्हाळ्यातल्या एका रात्री फोनचा टॉर्च बोटांनी अर्धा झाकून बघत बसले, डास चावून चावून जीव घेतला, पण बघितलं. तो पानाच्या कडेने धावत आला, रेघेजवळ एकदम थांबला, पुढचे दोन पाय पानावर टेकवून तसाच राहिला, नवरा म्हणाला मेला वाटतं, आणि मग अगदी हळू एक पाऊल सरकून त्याने तोंड खाली केलं. सकाळी त्या रेघेच्या टोकाला बारीक तपकिरी डाग होता आणि आत अळीचं नुसतं सालपट.

म्हणजे कलकत्त्याच्या नावाने नोंदलेली अळी सातासमुद्रापार गेली, आणि तिथला एक कोळी, ज्याच्या बापजाद्यांनी ती कधी बघितली नव्हती, तिला रात्री शोधून खायला लागला. आणि त्याला आपण पेपरात दहशत म्हणतोय.

याला नुसतं मांस लागतं असंही नाही. कोळी म्हणजे शुद्ध मांसाहारी असं आपण शाळेत शिकलो, पण हिबानाच्या जाती रात्री फुलांतला आणि पानांच्या गाठींतला गोड रस पितात, १९९६ पासून यावर संशोधन छापून येतंय. कपाशीच्या पानाच्या मागे मधल्या शिरेवर जी बारीक खळगी असते, जिथे मुंग्या तोंड लावून बसलेल्या दिसतात, तीच ती जागा. प्रयोगात साखरेचं पाणी दिलेले हिबाना जास्त जगले, कात पण जास्त वेळा टाकली. टेक्सासमधली याची बहीण हिबाना फ्युटिलिस, तिने एकदा रस चाखला की पुढे त्याचा वास ओळखून जाते असंही दाखवलंय. आणि याच फ्युटिलिसला टेक्सासच्या शेतात रात्री हेडलॅम्प लावून बघितलं तर बोंडअळीच्या जातीतल्या पतंगांची अंडी खाताना सापडली. अंडी! म्हणजे अळी व्हायच्या आधीच. दिवसा शेतात फिरणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं, त्याला वाटलं असतं अंडी आपोआप गळाली.

आणखी एक सांगते, याचा उपयोग काही नाही पण मला फार आवडतं. अमालिनबाईंना हे कोळी प्रयोगशाळेत वाढवायचे होते, आणि पिल्लांना रोज बारीक किडे कुठून आणणार, तर त्यांनी सोयाचं दूध, साधं दूध आणि अंड्याचा बलक असं कालवण करून दिलं आणि ती पिल्लं त्यावर वाढली. आमच्या आजीने अशक्त लेकरासाठी जे सुचवलं असतं तेच.

तर आता फवारणी. इथे वसाहतीत घरटी पेस्ट कंट्रोलवाला येतो, पाठीवर टाकी, कुंपण, झुडपं, झाडं सगळं धुऊन काढतो, कुणी विचारत नाही कशासाठी. लिंबावर रेघा दिसल्या की शेजारी सांगतात स्प्रे मार. पण विचार करा, नागअळी पापुद्र्याच्या आत आहे, वरून मारलेलं स्पर्शजन्य औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, ते राहतं पानावर. पानावर रात्री कोण चालतंय? हाच. म्हणजे चोर घरात कडी लावून बसलाय आणि आपण वॉचमनला गोळ्या घालतोय. अंतरप्रवाही औषध आतपर्यंत जातं हे खरं, ते नवीन लावलेल्या झाडाला मुळाशी देतात, पण परसातल्या मोठ्या झाडाला नागअळीसाठी काहीही मारू नका असं इथलं फ्लोरिडा विद्यापीठाचं कृषी खातं स्वतः सांगतं. चार पानं वाकडी होतात, दिसायला वाईट दिसतं, उत्पन्नाला फारसा फरक पडत नाही, झाड सांभाळून घेतं. मी गेली काही वर्षं आमच्या लिंबाला काहीच मारत नाही, फार तर बागेचं हलकं तेल, ते पण नवतीच्या वेळेला. पानं काही आदर्श नाहीत. लिंबं भरपूर आहेत, शेजारच्या क्युबन आजी येऊन नेतात.

हे मी भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तुझं एक झाड आहे, माझी कलमं आहेत. कलम गेलं तर तुझा कोळी पैसे देणार आहे का?" आणि त्याचं चूक नाही. त्याची शेंदुरजना घाटला नर्सरी आहे, रोपाला चार पानं असताना तीच नागअळीने गुंडाळली तर रोप बसतं, गिऱ्हाईक घेत नाही. शिवाय नागअळीने फाडलेल्या पानातून खैऱ्या रोग (सिट्रस कँकर) सहज आत शिरतो. फ्लोरिडाने हे फार महागात शिकून घेतलंय. इथे १९९५ मध्ये मायामी विमानतळाजवळ खैऱ्या सापडला, सरकारने ठरवलं रोगट झाडापासून १९०० फुटांच्या आत जेवढी म्हणून लिंबूवर्गीय झाडं आहेत तेवढी तोडायची, लोकांच्या परसातली सुद्धा, लोक कोर्टात गेले, रडले, झाडापुढे उभे राहिले, आणि २००६ मध्ये ती मोहीम सोडून द्यावी लागली कारण तोवर वादळांनी रोग सगळीकडे नेला होता. होमस्टेडच्या ज्या लिंबाच्या बागांत या कोळ्यांचा अभ्यास झाला तिथला लिंबाचा धंदा त्यातच संपल्यासारखा झाला. त्यामुळे नर्सरीवाल्याला "काही मारू नको" असं मी इथे बसून सांगणार नाही. कलमांचं गणित वेगळं आणि वीस वर्षांच्या बागेचं वेगळं. माझं म्हणणं एवढंच की आपण दोन्हीला एकच पंप लावतो, आंबिया बहर असो की मृग बहर, नवती दिसली की फवारा, आणि दुकानदाराने दोन औषधं एकत्र करून दिली की तीही.

आणि या फवारण्यांनी माणसं पण जातात. २०१७ साली यवतमाळात काय झालं ते मी तुमच्याच पेपरात वाचलं होतं, कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. त्यापुढे कोळ्याचं दुःख काय सांगणार. पण एक फवारणी वाचली तर कोळी पण वाचतो आणि पंप पाठीवर घेणारा पण, एवढं तर खरं ना.

कोळी देवदूत आहे असंही समजू नका. तो नागअळी खातो तसा मधमाशीही मिळाली तर सोडणार नाही, परजीवी माशा खातो, भूक लागली तर आपल्याच जातीचं पिल्लू खातो. आणि फ्लोरिडाचा संत्रा त्याने वाचवलेला नाही. १९९८ मध्ये सिट्रस सिला, म्हणजे पानांचा रस शोषणारा बारीक किडा, आला, तोही आशियातला, २००५ मध्ये त्याच्यामागे त्यानेच पसरवलेला ग्रीनिंग रोग आला, आणि १९९७-९८ च्या हंगामात इथे २४ कोटींच्या वर पेट्या संत्री निघाली होती ती २०२२-२३ ला दीड कोटीच्या आसपास आली. पेटी म्हणजे साधारण ४१ किलो. मैलोन्मैल बागा होत्या तिथे आता घरं होतायत. हिबाना व्हेलॉक्स हा सिला पण खातो, मध्य फ्लोरिडाच्या बागांत तसं नोंदलंय, पण ग्रीनिंगला एक संसर्ग झालेला सिला पुरतो आणि कोळी सगळे सिला खाऊ शकत नाही. त्यात सिला मारायला बागायतदारांनी फवारण्या इतक्या वाढवल्या की मित्रकिडींचं जे काही होतं ते पण धुऊन निघालं. आता बंद पडलेल्या बागांत, वाढलेल्या झुडपांत आणि आमच्यासारख्यांच्या परसात हे कोळी तेवढे आहेत.

युरोपातल्या लोकांनी यांच्यातल्या एकाला तरी डोक्यावर घेतलंय. तिकडे ओकच्या झाडावर अ‍ॅनिफिना अ‍ॅक्सेंट्युआटा असतो, त्याचा नर मादीला बोलवायला पोट पानावर इतक्या जोरात थरथरवतो की माणसाला ऐकू येतो, माशी गुणगुणल्यासारखा. त्याला तिथे बझिंग स्पायडर म्हणतात. आमचा फ्लोरिडातला गुपचूप आहे, किंवा आवाज करत असेल तर माझ्या कानांपर्यंत तरी पोचत नाही, रातकिडे आणि बेडूक इतके ओरडतात.

आता तुम्ही म्हणाल वऱ्हाडात हिबाना कुठे आहे. नाही, तो अमेरिकेचाच. पण काम तेच करणारे आपल्याकडे आहेत. कायराकॅन्थियमच्या जाती भारतात आहेत, कपाशीत आहेत, त्याही पान दुमडून राहतात आणि रात्री फिरतात, आणि दिवसा उड्या मारत शिकार करणारा, पायावर काटे असलेला ऑक्सिओपिस, लिंक्स कोळी, तो तर कुठल्याही शेताच्या धुऱ्यावर दिसेल. एरंडाच्या देठावर ज्या गाठी असतात त्यांतून पण गोड रस येतो, आणि एरंड आपले लोक सापळा पीक म्हणून कडेने लावतातच, तर त्या गाठींवर रात्री कोण येतं ते कुणी बघितलंय का? मला खरंच माहिती हवीय. माझी तुमच्या कृषी पानवाल्यांना विनंती आहे की नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेतल्या नाहीतर अकोल्याच्या विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना विचारून आपल्या संत्रा बागेतल्या रात्रीच्या कोळ्यांवर एक लेख करा, स्थानिक फोटो घाला, दुमडलेलं पान उघडलं की नागअळीचा कोष कसा दिसतो आणि कोळ्याचं घर कसं दिसतं हा फरक दाखवा. कारण नागअळी पण कोष करताना पानाची कड अशीच दुमडते, आणि मजूर बायका पानं खुडताना दोन्ही एकाच घमेल्यात टाकतात. साधी खूण सांगायची तर नागअळीने मोडलेली कड अगदी बारीक असते, आत तांदळाच्या कणीएवढा तपकिरी कोष, आणि त्या कडेपर्यंत चांदीची रेघ येऊन थांबलेली असते. कोळ्याचं घर मोठं, पांढरं, रेघेशी त्याचा संबंध नाही.

आणि ती चौकट. दुरुस्ती छापणार असाल तर तीन गोष्टी तरी लिहा: फोटो दुसऱ्या कोळ्याचा होता, भूत कोळी जाळं बांधत नाही, आणि तो घरात नाही, झाडावर राहतो. आमच्या काकूंनी तर कात्रण काढून फ्रीजवर लावलंय म्हणे, त्यांना दुरुस्तीचं कात्रण पण मिळालं पाहिजे. माझ्याकडे खऱ्या हिबानाचे फोनवर काढलेले फोटो आहेत, थोडे हललेत, पण जबडे आणि ठिपके ओळखू येतात. पाहिजे असतील तर या पत्राला उत्तर द्या, लगेच मेल करते. मानधन नको, नावही नको.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(मूळ वरुड तालुका, जि. अमरावती, सध्या दक्षिण फ्लोरिडा)